मेजरला धरणारे तात्या

रविवार, सतरा ऑगस्ट. सकाळचे साडेनऊ. स्थळ: उंब्रज, तात्यांच्या घरामागची पत्र्याची शेड.

हजर: तात्या, वय एकाहत्तर, जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त ड्रेसर. काकू, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या मागल्या दारात, शेडकडे पाठ करून. डॉक्टर मॅडम, कराडहून आलेल्या. मी, शेजारीण. मेजर, कुत्रा, वय चौदा वर्षे.

गैरहजर: विक्रम, तात्यांचा मुलगा, फौजेत हवालदार. आदल्या दिवशीच सुट्टीवर घरी आलेला. मेजर त्याचा होता.

हजेरी मांडणं हा माझा रोजचा धंदा आहे. कराडच्या एका कॉलेजात मी कार्यालय अधीक्षक आहे. घरीसुद्धा फ्रिजवर यादी असते, पर्समध्ये यादी असते, आणि नवरा म्हणतो की हिच्या स्वप्नातसुद्धा मुद्दे क्रमाने येतात. पण वरची हजेरी मी सवयीने लिहिलेली नाही. जो गैरहजर होता त्याच्यासाठी आम्ही सगळे बेचाळीस दिवस थांबलो होतो. म्हणून ती लिहून ठेवली.

तात्यांचं नाव सर्जेराव, पण ते बँकेच्या पासबुकाबाहेर कुणी वापरत नसे. माणूस चणीने लहान, हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे मोठे. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. "घोड्यानं खाल्लं," एवढंच सांगायचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मलमपट्टी केली, सुया उकळल्या, रजिस्टरं लिहिली, पण त्यांना विचारलं की तुमचं काम काय, तर उत्तर एकच असायचं: "मी धरतो." डॉक्टर टाके घालणार, इंजेक्शन देणार, जनावर धरणार तात्या.

"धरणं म्हंजे दाबणं न्हवं, ताई," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "दाबलं की जनावर झगडतं. त्याला वाटलं पायजे की आपुन कुणाला तरी टेकलोय."

निवृत्त झाल्यावरही डॉक्टर मॅडम त्यांना बोलवायच्या, विशेषतः शेवटच्या इंजेक्शनला. फोन आला की तात्या पायांत चप्पल सरकवणार, खांद्यावर टॉवेल टाकणार आणि निघणार. काकू मागून म्हणायच्या, "माणसाचं डोकं दुखलं तर गोळी घे म्हणत्यात. कुत्र्याचं दुखलं की हे निघालं वरात घेऊन." तात्या म्हणायचे, "माणूस सांगतंय तरी, दुखतंय म्हणून." काकूंचं उत्तर तयार असायचं: "आनि ऐकतंय कोण?"

या कामात तात्यांचे नियम होते. कुत्र्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं नाही. आधी त्याच्या आवडीचं काहीतरी जिभेला लावायचं. आणि ज्याचं जनावर, त्याने स्वतः तोंडाने हो म्हणायचं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. फोनवरचा होकार चालणार नाही. भाऊ, मेहुणा, कामावरचा माणूस, कुणाचाच चालणार नाही. मालक हजर नसेल तर तात्या बसून राहायचे, नाहीतर उठून घरी यायचे.

हा शेवटचा नियम मला चांगलाच महागात पडला होता. सहा वर्षांपूर्वी आमच्या कुत्रीचं, राणीचं, मूत्रपिंड निकामी झालं. त्या दिवशी कॉलेजात विद्यापीठाची समिती यायची होती. मी ऑफिसातून तात्यांना फोन केला, "तात्या, मॅडमना घेऊन या आणि तेवढं उरकून घ्या. मी संध्याकाळी येते."

"उरकायला काय भांडी हायत व्हय?" तात्या म्हणाले. "तुमी या. तवर मी बसतो तिच्यापाशी."

समितीला चहा देऊन, अर्ध्या फायली दुसऱ्याच्या गळ्यात घालून, एसटीने मी साडेतीनला पोचले. रागाने नुसती धुमसत होते. तात्या अकरा वाजल्यापासून आमच्या मागच्या अंगणात राणीशेजारी मांडी घालून बसले होते. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"हात ठेवा," ते म्हणाले.

"मला जमणार नाही, तात्या."

"जमायचं काय त्यात? ठेवायचा."

ठेवला. राणी माझ्या तळव्याखाली गेली. दोन दिवस मी तात्यांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वरणफळं करून डबा पाठवला. डबा धुऊन परत आला, त्यात चार लिंबं. विषय संपला.

नियम कुठून आला हे मला पुढे काकूंकडून कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाटणकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईचं कुत्रं तिच्या पुतण्याच्या सांगण्यावरून संपवलं होतं. ती लेकीकडे सांगलीला गेली होती. कुत्रं वाचणारं नव्हतं, पुतण्या खोटं बोलला नव्हता, डॉक्टरांचंही चुकलं नव्हतं. आठवड्याने ती म्हातारी बस बदलत दवाखान्यात आली. भांडली नाही. तात्यांना एवढंच म्हणाली, "माज्या हातचा तुकडा खाऊन गेलं असतं रं लेकरा." तेव्हापासून तात्यांनी तो नियम धरला तो धरलाच. कुठलीही गोष्ट एकदा धरली की त्यांना सोडता यायची नाही. हे मी तेव्हा कौतुकाने म्हणत असे.

कुणाला किती ऐकवायचं याचाही त्यांना धरबंध नव्हता. एका बागायतदाराच्या घरी आम्ही दोघं गेलो होतो; मी फक्त गाडी चालवायला. राखणीचं कुत्रं म्हातारं झालं, भुंकत नाही, तर इंजेक्शन द्या, असा निरोप होता. तात्यांनी कुत्र्याचे दात पाहिले, पोट चाचपलं, फाटक वाजवून बघितलं. कुत्र्याने दोन्ही कान वळवले.

"ह्याला काय झालंय?" तात्यांनी विचारलं.

"म्हातारं झालंय की. नुसतं बसून खातंय."

तात्यांनी ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं. "आवं आक्का," ते मोठ्याने म्हणाले, "तुमच्या लेकाला इचारा, बसून खाणाऱ्याचं ह्या घरात काय करत्यात ते." म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. बागायतदाराने पुन्हा तात्यांना बोलावलं नाही. कुत्रं पुढे दोन वर्षं जगलं.

फाटक वाजवणं ही त्यांची परीक्षा होती. ते म्हणायचे, तीन गोष्टी बघायच्या: खातंय का, आपल्या पायावर उठतंय का, आणि दार वाजलं की कान हलवतंय का. एक गेली तर औषध करा. दोन गेल्या तर जवळ बसा. तिन्ही गेल्या की मग त्याला ताटकळत ठेवू नका. शेकडो लोकांना त्यांनी हे सांगितलं असेल. लोक रडत यायचे आणि तीन प्रश्नांची उत्तरं देता देता त्यांचं त्यांनाच कळायचं.

मेजरला विक्रमने आणलं ते जतच्या बाजूने, मोटारसायकलवर, जॅकेटच्या आत घालून. उंच पायांची, पोट खपाटीला गेलेली कारवानी जात. विक्रमची भरतीत निवड झाली त्याच आठवड्यात. "घरात एक तरी मेजर पायजे," म्हणून ते नाव. काकू म्हणायच्या, "ह्यो शिपाई, आनि कुत्रं थेट मेजर. सलाम कुणी कुणाला करायचा?" चार महिन्यांत विक्रम ट्रेनिंगला गेला. पुढची चौदा वर्षं मेजरला भाकरी तात्यांनी घातली, गोचिडी तात्यांनी काढल्या, नदीकाठी तात्यांनी फिरवलं. पण कुणी "तुमचं कुत्रं लय देखणं हाय" म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करायचे. "विक्रमचं हाय. मी राखण्या."

जूनच्या अखेरीला मेजरचे मागचे पाय गेले. मग खाणं सुटलं. सहा जुलैच्या रविवारी डॉक्टर मॅडम येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "तात्या, तुम्हाला मी काय सांगायचं?" त्याच संध्याकाळी विक्रमचा फोन आला. तात्या म्हणाले, "मेजर थकलाय. डॉक्टर म्हणत्यात, आता बघाय पायजे." मी तिथेच होते, काकूंना मोबाइल धरायला मदत करत होते. पडद्यावर विक्रमच्या मागे कुणीतरी हाका मारत होतं. तो म्हणाला, "थांबा की मग. मी येतोय पंधरवड्यात. आल्यावर बघू." आणि फोन बंद झाला.

तात्यांसाठी एवढं पुरे होतं. मालक थांबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी एक तक्ता करून दिला. तीन रकाने: खाल्लं, उठला, कान. पावसाने, माश्यांनी आणि जागरणाने दिवस एकात एक मिसळतात, औषधं चुकतात, म्हणून. मदत करण्याची माझी पद्धत हीच. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी शेडमध्ये डोकावून खुणा करायची. बारा जुलैला तिन्ही रकान्यांत पहिल्यांदा फुली पडली. त्यानंतर कानाच्या रकान्यात चार वेळा बरोबरची खूण आहे. बाकी सगळ्या फुल्या.

तेरा जुलैच्या रविवारी पुन्हा फोन आला. रविवारी तो यायचाच, आणि मोबाइल धरायला मी असायची. विक्रमने विचारलं, "मेजर कसा हाय?"

"बरा हाय," तात्या म्हणाले. "वाट बघतोय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण काकू अजिबात दचकल्या नाहीत. तात्यांच्या घरात, त्यांच्या भावकीत, दर दुसऱ्या घरातला एक जण फौजेत. तिथे लहान पोरालाही शिकवलेलं असतं की ड्यूटीवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. तात्यांची आई वारली ते त्यांच्या सीमेवरच्या भावाला महिन्याने सांगितलं होतं. काकूंचं गर्भाशय काढलं ते विक्रमला टाके निघाल्यावर कळलं. फोनवर सगळं बरं असतं. पाऊस बरा, ऊस बरा, आई बरी. मेजरही बराच असणार.

पंधरवड्याची सुट्टी पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे. विक्रमही ते हसत सांगायचा. त्याला घाई करायचं काही कारणच नव्हतं. घरी सगळं बरं होतं.

शेडमध्ये मेजरच्या खुब्यावर जखम झाली, मग दुसऱ्या खुब्यावर. तात्या दर दोन तासांनी त्याची कूस बदलायचे. पोत्यांची थप्पी, वर जुनं धोतर, कडुनिंबाच्या पाण्याने धुणं, चमच्याने पेज. चौतीस वर्षांचं सगळं कसब त्यांनी त्या कुत्र्याला जिवंत ठेवण्यात घातलं. आणि त्यांना कसब होतं, हेच वाईट झालं. दुसऱ्या कुणाच्या हातात मेजर आठ दिवसांत सुटला असता. जुलैच्या शेवटी जखमेत अळ्या पडल्या. तात्या चिमट्याने एकेक काढत बसायचे. मेजर विव्हळायचा नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून थरथरायचा.

डॉक्टर मॅडम चिडल्या. "तात्या, दुसऱ्या कुणी असं ठेवलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"आईमाईवरनं शिव्या घातल्या असत्या," तात्या म्हणाले, आणि चिमटा पुन्हा पाण्यात बुडवला.

मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी भांडले. तक्ता त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच सांगता ना, तीन गोष्टी?"

"सांगतो."

"मग?"

"मालकानं थांब म्हटलंय."

"मालकाला खरं सांगितलंय का?"

तात्यांनी मेजरच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, त्याला हळूच दुसऱ्या कुशीवर घेतलं, पाय नीट लावले. मग म्हणाले, "तितं त्याच्या हातात बंदूक असती, ताई. त्याचं चित्त इकडं आणून कसं चालंल?"

"मग फोनवरचा होकार चालत नाही, तर फोनवरचं थांबा कसं चालतं?"

 माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी असं पाहिलं की मी तक्ता खिळ्याला अडकवला आणि निघून आले.

माझ्याकडे विक्रमचा नंबर होता. रोजच्या यादीत मी "विक्रमला फोन" असं लिहायची आणि रात्री न झालेलं काम म्हणून ते दुसऱ्या दिवसाच्या यादीत उतरवायची. अकरा दिवस उतरवलं. माझ्या यादीतलं काम तीन दिवसांवर कधी राहत नाही. पण दुसऱ्याच्या घरातल्या बापलेकांमध्ये आपण कशाला पडायचं, असं म्हणत राहिले. दोन मिनिटांचा फोन होता.

सोळा ऑगस्टला दुपारी विक्रम आला. बॅग ओसरीवर टाकून सरळ शेडमध्ये गेला. "मेजर," त्याने हाक मारली. तात्या कुत्र्याच्या कानांकडे बघत होते. मीही. कान हलले नाहीत.

विक्रम नाकावर हात धरून दोन पावलं मागे सरला. "हे काय करून ठेवलंय ह्याचं? मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"तू थांबा म्हणलास," तात्या म्हणाले.

"आवं बाबा, ते मी आपलं म्हणलो. गडबडीत हुतो मी. कुत्र्यासाठी कुणी एवढं थांबतंय व्हय? करून टाकायचं की."

दारातून काकू म्हणाल्या, "झालं? ऐकलं?" त्या कुणाला म्हणाल्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी विक्रमने मागच्या कुंपणालगत खड्डा काढला. सरळ, कडा तासलेला, फौजी खड्डा. काढताना तो रडत होता. त्याला दगड म्हणता येणार नाही. पण सकाळी डॉक्टर मॅडमची गाडी दिसताच त्याने मोटारसायकल काढली. "मला बघवायचं न्हाई," म्हणाला.

तात्या फाटकात आडवे उभे राहिले. "जा. पण आदी कुत्रं मला दे."

"तुमचंच हाय की, बाबा."

"तसं न्हवं. तोंडानं म्हण."

विक्रमने एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टर मॅडमकडे पाहिलं. लाज वाटली असावी. "दिलं," तो म्हणाला. "दिलं बाबा. सोडा आता."

तात्या बाजूला झाले. शेडमध्ये येऊन त्यांनी मेजरचं डोकं मांडीवर घेतलं, दुधाचं बोट जिभेला लावलं. जीभ हलली नाही. मग त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि डॉक्टर मॅडमना म्हणाले, "माझं हाय. द्या."

तेव्हापासून तात्या कुणाचं जनावर धरायला गेले नाहीत. डॉक्टर मॅडमचा फोन आला की काकूंना सांगायला लावायचे, हात दुखतोय म्हणून. एक जण भिजत दारात आला, त्याची कुत्री गाडीखाली सापडली होती. तात्यांनी त्याला बसवलंसुद्धा नाही. "कुणीबी धरतंय," म्हणाले. "धराय काय अक्कल लागत न्हाई." त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या तोंडून ते तीन प्रश्न एकदाही ऐकू आले नाहीत. विक्रम सुट्टी संपवून परत गेला. रविवारचे फोन सुरू राहिले. बरं हाय, बरं हाय.

दिवाळीनंतर तात्यांची सांगलीला दिलेली लेक येऊन दोघांना घेऊन गेली. गाडीत सामान भरलं, काकू बसल्या, घराची किल्ली माझ्याकडे दिली. तात्या पुढच्या सीटवर बसले आणि लगेच उतरले. घरामागे गेले. मला वाटलं खड्ड्यापाशी गेले असतील. पण ते शेडमधला तक्ता घेऊन आले. पावसाने कडा फुगलेला, एक्केचाळीस ओळींचा कागद.

"ह्यो विक्रमला पाठवा," म्हणाले. "तिकडंच पाठवा, ड्यूटीवर. सुट्टीला येईस्तवर ठेवू नका."

"तात्या, तिकडे कशाला? तुम्हीच म्हणता ना..."

"म्हणत हुतो." त्यांनी कागद माझ्या हातात दिला, सोडला नाही. "आनि रविवारच्या ओळीपुढं मी फोनवर काय बोललो ते लिहा. तुमी हुता की तितं. पाच रविवार हायत. तुमच्या अक्षरात लिहा."

मग कागद सोडून ते गाडीत बसले. काच खाली घेतली नाही. गाडी महामार्गाकडे वळेपर्यंत त्यांचे ते मोठे हात मांडीवर उताणे दिसत होते.

पाकिटावर विक्रमचा पत्ता मी त्याच दिवशी घातला. तिकीट लावलं. तक्ताही घडी घालून ठेवला आहे. गेल्या आठवड्यात विक्रमचा फोन आला होता. शेडचे पत्रे कुणाला तरी देऊन टाका म्हणाला. तिकडे कसं काय, सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, ठीक.

तेरा जुलै, वीस जुलै, सत्तावीस जुलै, तीन ऑगस्ट, दहा ऑगस्ट. या पाच ओळींपुढे "बरा हाय" असं लिहायचं आहे. अजून लिहिलेलं नाही.